पालखीचं पान

पुस्तक छापून झालं की ते खपवायला लेखकानेच हिंडायचं असतं, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. प्रकाशक पुण्याचे, फोनवर अतिशय गोड. म्हणाले, मॅडम, हल्ली वाचक पुस्तकाकडे येत नाही, पुस्तकाने वाचकाकडे जायचं असतं. तुम्ही लोकांना प्रत्यक्ष भेटा, चार शब्द बोला, दोन पानं वाचून दाखवा, सह्या करा. मी म्हटलं, सबंध नोकरीभर मी कचेरीतल्या खिडकीच्या आत बसून लोकांना टाळत आले, आता त्यांना कुठे भेटायला जाऊ? ते खूप हसले. मी विनोद केलेला नव्हता.

पुस्तक माझ्या आईवर आहे. आई ऐंशी ओलांडलेली, आमच्या गावात एकटी राहते. भाऊ मुंबईला, मी रत्नागिरीत मांडवीला. वडील जाऊन खूप वर्षं झाली, आणि होते तेव्हाही ते मुंबईतच असायचे. गणपतीला आणि शिमग्याला तेवढे यायचे. घर, शेत, गुरं, आम्ही दोन पोरं, सगळं आईनेच ओढलं. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. दोन वर्षं मी रविवारी रविवारी गावी जाऊन पडवीत तिच्यासमोर बसत होते. ती कुळीथ निवडत बोलायची आणि मी लिहून घ्यायचे.

त्यातली एक आठवण सांगताना मात्र तिचे हात थांबायचे. आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. देवळाजवळच्या सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून, ती उठली की आधी खालच्या वाडीत मानकऱ्यांच्या अंगणात टेकते. तो त्यांचा मान. मग बाकीची घरं, आणि आमची वरची वाडी सगळ्यात शेवटी. आई लग्न होऊन आली त्या वर्षी मात्र मानकऱ्यांच्या घरात नेमकं मूल जन्मलं. घराला सोयर, म्हणून पालखी तिथे जाऊ शकेना, आणि ती सगळ्यात आधी वर आली, आमच्या अंगणात. देवीची पहिली ओटी आईने भरली. सतरा वर्षांची पोर, लुगडं पायात येत होतं, हातातले तांदूळ निम्मे जमिनीवर सांडले. त्यानंतरच्या सबंध आयुष्यात तिला कुणी कशालाच पहिलं बोलावलं नाही. कुणी शेवटीही फारसं बोलावलं नाही.

पुस्तकाची पहिली प्रत तिच्या हातात दिली तेव्हा तिने ती उलटीसुलटी केली, वजन बघितलं आणि चांगली जाड झालीय म्हणाली. मी म्हटलं, वाचून दाखवू? तर नको म्हणाली. तिला वाचन हवं होतं, पण घरात नको होतं.

"देवळात वाच. शिमग्याला सगळी असतात तवा. ह्या गावात मी पण व्हते, ता कळू दे सगळ्यांना."

बाकी कुठल्या कार्यक्रमाचं तिला काही पडलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. पण शिमग्याला अवकाश होता आणि प्रकाशक रोज फोन करत होते. म्हणून मी सुरुवात शहरातून केली.

रत्नागिरीतला प्रकाशन सोहळा सगळ्या प्रकाशन सोहळ्यांसारखा झाला. पुस्तकं आधी रंगीत कागदात गुंडाळायची, वर रिबीन बांधायची, आणि मग मंचावर सगळ्यांनी मिळून ती सोडायची, हा आपल्याकडचा विधी. आमच्या रिबिनीला अशी गाठ बसली होती की कुणाला सुटेना. शेवटी माझा नवरा शेवटच्या रांगेतून उठून आला आणि त्याने खिशातल्या स्कूटरच्या किल्लीने ती कापली. अध्यक्षांनी पुस्तक ओझरतं चाळल्याचं प्रांजळपणे कबूल केलं आणि ते स्वतःच्या आईवर बोलू लागले. बराच वेळ बोलले. त्या दिवशी जे कोण सभागृहात होते त्यांना माझ्या आईपेक्षा अध्यक्षांच्या आईची माहिती जास्त आहे. माझ्या वाट्याला दोन पानं आली, तीही बटाटेवड्यांचा वास सुटल्यावर. नंतर विक्रीच्या टेबलाशी एक बाई आल्या. पुस्तक उघडून म्हणाल्या, आईवर आहे म्हणजे जुन्या पदार्थांच्या कृती असतील ना? मी म्हटलं, कुळथाच्या पिठल्याचा उल्लेख आहे. कृती आहे का? नाही. त्यांनी पुस्तक होतं तिथे ठेवलं, अगदी सरळ करून ठेवलं. मला शाल आणि नारळ मिळाला.

मग मांडवीच्या किनाऱ्यावर काही तरुण मुलामुलींनी संध्याकाळचं वाचन ठेवलं. त्यांचा हेतू फार चांगला होता. वारा मात्र त्यांनी हिशोबात धरला नव्हता. मी एक ओळ वाचायचे आणि दुसरी वाऱ्यावर जायची. भेळवाल्याच्या गाडीभोवती माझ्या भोवतीपेक्षा दुप्पट माणसं होती, आणि मला त्यात काही अन्याय वाटला नाही, मलाही भूक लागली होती. मुलांनी माझे फोटो सुंदर काढले. एका फोटोत मी फारच विचारमग्न दिसते. प्रत्यक्षात डोळ्यात वाळू गेली होती.

गणपतीपुळ्याला नवऱ्याच्या वर्गमित्राचं हॉटेल आहे. त्याने स्वागतकक्षात मला टेबलखुर्ची दिली आणि 'लेखिकेला भेटा' अशी पाटी लावली. पर्यटक देवदर्शन करून येतील, निवांत असतील, पुस्तक घेतील, असा हिशोब. पहिल्याच कुटुंबाने मला विचारलं की खोलीत गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं. मी चिडले. दुसऱ्या कुटुंबानेही तेच विचारलं. मग मी आत जाऊन वेळ विचारून आले आणि विचारेल त्याला सांगू लागले. दुपारपर्यंत मी त्या हॉटेलच्या बरीच कामाची झाले होते. पुस्तकाला कुणी हात लावला नाही. एका लहान मुलीने लावला, पण तिच्या हाताला मोदकाचं तूप होतं, आणि तिच्या आईने तिला ओढून नेलं.

परतताना नवरा स्कूटरवरून मागे वळून म्हणाला, "अगं, ही तर सुरुवात आहे." तो प्रत्येक वेळी हेच म्हणायचा. पुस्तकांचा खोका त्याच्या पायांत ठेवलेला असायचा, त्यामुळे त्याला गुडघे फाकवून चालवावं लागे, आणि तरी तो तेच म्हणायचा. मला रडू यायचं आणि रागही यायचा. हातखंब्यापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

मराठी भाषा दिनाच्या निमित्ताने लोट्याच्या एका कारखान्याच्या वसाहतीत माझं वाचन ठरलं. संयोजकांनी मला बजावलं होतं की दुपारी पाळी सुटलेले आणि रात्रपाळीला जाणारे असे दोन्हीकडचे लोक येतील, त्यामुळे गर्दी होईल. गर्दी झाली. मी पहिल्यांदाच भरलेल्या खुर्च्यांसमोर उभी राहिले. रसायनांच्या वासाची सवय नसल्याने घसा खवखवत होता, पण मन लावून वाचलं. मी पालखीचं पान काढलं. तेवढंच एक पान मला पाठ झाल्यासारखं होतं आणि ते वाचताना माझा आवाज आपोआप बरा लागायचा. पालखी आमच्या अंगणात टेकली, तांदूळ सांडले, पहिली ओटी आईने भरली, इथपर्यंत आले आणि बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. निम्म्या खुर्च्या एका झटक्यात रिकाम्या झाल्या. उरलेले लोक गेलेल्यांकडे बघत उठले. मी पान उलटलंच नाही.

एक माणूस मात्र थांबला. चाळिशीचा, कंपनीच्या गणवेशात. पुढे येऊन म्हणाला, मी तुमच्याच गावचा, तुमच्याच वाडीतला. घर सांगितलं तेव्हा माझ्याही लक्षात आलं. तो मन लावून ऐकत होता हे मी वाचतानाच पाहिलं होतं. म्हणाला, हे खरं आहे काय? मी म्हटलं, आईने स्वतः सांगितलंय. त्याने पुस्तक हातात घेतलं, ते पान पुन्हा वाचलं आणि विचारलं, फोटो काढू काय? मी म्हटलं, काढा ना. आनंदाने म्हटलं. इतक्या दिवसांत कुणी पुस्तकातलं एखादं वाक्य परत वाचावंसं वाटून थांबलं होतं, ते पहिल्यांदाच. परतीच्या वाटेवर त्या दिवशी मीच नवऱ्याला म्हटलं की ही सुरुवात आहे.

पुढच्या पानावर सोयराची हकिकत होती. पालखी वर का आली, ते तिथे लिहिलेलं होतं. फोटो मात्र एकाच पानाचा होता.

दोन दिवसांनी मला मुंबईहून फोन येऊ लागले. वरच्या वाडीतली मुंबईत राहणारी मुलं, एकालाही मी धड ओळखत नव्हते, आत्या, आक्का, ताई म्हणून बोलत होती. पुस्तक कुठे मिळेल? किती प्रती आहेत? सगळ्या पाठवा. मी हरखून गेले. प्रकाशकांना कळवलं, तेही हरखले. म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं, आपल्या मातीतूनच मागणी येते. खोकेच्या खोके दादरला रवाना झाले. मग एका मुलाने बोलता बोलता सांगितलं की पालखीचा पहिला मान आपल्या वाडीचाच होता याचा आता छापील पुरावा मिळाला आहे, आणि यंदा पालखी आधी वर आली पाहिजे असं वाडीच्या मुंबईच्या मंडळात ठरलंय. मी त्याला म्हटलं, अरे, पुढचं पान वाच. तो म्हणाला, हो, वाचतो ना ताई.

मानावरून आमच्या गावात पूर्वी एकदा कोर्टकचेरी झाली होती, ते मी लहानपणी नुसतं ऐकलं होतं. ते सगळं विझलेलं, लोक विसरलेले. मी पुस्तक घेऊन गावोगाव फिरले, कुणी म्हणून वाचेना, आणि ज्यांनी वाचलं त्यांनी एवढंच वाचलं. खालच्या वाडीनेही वाचलं. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तोच फोटो फिरला. सबंध पुस्तकात आईने विहिरीतून कसा गाळ काढला ते आहे, माझ्या भावाला ताप भरला असताना ती त्याला पाठीवर घेऊन खाडी कशी उतरली ते आहे. त्याबद्दल मला आजतागायत कुणी एक शब्द बोललेलं नाही.

मानकऱ्यांच्या घरातले काका, भावकीतले नव्हेत, गावाच्या नात्याने काका, त्यांचा फोन आला. देवळात वाचन ठेवायला त्यांनीच मला आधी होकार दिला होता. आता म्हणाले, वाचन राहू दे बाय, पण शिमग्याला ये तू. यावं लागेल.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात गाव बसलं. मुंबईकर, पोटासाठी लोट्याला गेलेले, घरातले म्हातारे, मंडपाबाहेर पदर डोक्यावर घेतलेल्या बायका. मी इतक्या कार्यक्रमांत इतकी माणसं पाहिली नव्हती. सगळ्यांकडे पुस्तक होतं किंवा मोबाइलवर तो फोटो होता. माझ्या मनात आलं, हेच ते वाचन, जे आईला हवं होतं. मग मला माझीच लाज वाटली.

मी पुढचं पान वाचून दाखवलं. शांतपणे, सावकाश. मानकऱ्यांच्या घरात त्या आठवड्यात मुलगा झाला होता, सोयर होतं, म्हणून पालखी आधी वर आली, हा मानाचा बदल नव्हता, एका वर्षाची अडचण होती. वाचून संपलं तेव्हा मला वाटलं की आता सगळं मिटेल. त्या घरात त्या वर्षी जन्मलेला मुलगा म्हणजे हे काकाच. आईचं लग्न आणि त्यांचा जन्म एकाच शिमग्याचा, हे गावातल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असायला हवं होतं. पण त्यातल्या बहुतेक आता नाहीत, आणि असलेल्या बाहेर गप्प बसल्या होत्या.

काका म्हणाले, माझा जन्म जूनचा आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे. खालच्या वाडीने माना हलवल्या. आता आमच्या गावात त्या पिढीतलं प्रत्येक पोर जूनमध्येच जन्मलेलं आहे, कारण गुरुजी नाव घालताना तेवढीच एक तारीख लिहीत. ती तारीख खरी नाही हे मंडपातल्या प्रत्येकाला माहीत होतं. स्वतःच्या बाबतीतही माहीत होतं. पण दाखला तो दाखला. काकांना मी खोटारडे म्हणणार नाही, त्यांनाही स्वतःचा जन्म कुठे आठवत होता. त्यांना भीती होती. पालखी एकदा आधी वर आली असं मान्य केलं की पुढच्या वर्षी परत मागतील, असं ते उघडच म्हणाले, आणि वरच्या वाडीची तोंडं पाहता त्यांचं काही चुकत नव्हतं.

वरची वाडी पुस्तक सोडायला तयार नाही, खालची वाडी मान सोडायला तयार नाही. मग कुणीतरी म्हणालं, तर यंदा पालखी सहाणेवरच बसू दे. घरोघर नको. भांडण नको आणि पोलीसही नकोत. दोन्हीकडून हळूहळू होकार येऊ लागला. मुंबईकरांची रजा संपत होती.

मला वर अंगणात बसलेली आई आठवली. आमची वाडी देवळापासून वर आहे, चिऱ्यांच्या पायऱ्यांची उंच पाखाडी चढून जावं लागतं. आईचे गुडघे गेल्यापासून ती पाखाडी उतरलेली नाही. पालखी दारात येते तेवढंच तिला देवीचं वर्षाचं दर्शन. आदल्या दिवशीच तिने शेजारणीकडून अंगण सारवून घेतलं होतं. पालखी टेकण्याची जागा चुकू नये म्हणून ती खुर्ची टाकून समोर बसली होती. पुढच्या शिमग्याला ती असेल का, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. तिच्या पुस्तकापायी तिच्या दारात पालखी येणार नाही, हे तिला जाऊन कोणत्या तोंडाने सांगायचं, तेवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

काका माझ्याजवळ येऊन बसले. हळू आवाजात, समजुतीने बोलले.

"बाय, तू शिकलेली हायस. लेखक लोक मनाचं घालतातच ना पुस्तकात? तेवढंच बोल. मनानं लिवलं म्हण, की पालखी फिरली घरोघर. वरच्यांची पण सुटका होईल, आमची पण होईल. तुझं काय जातंय?"

मी वरच्या वाडीच्या माणसांकडे पाहिलं. लोट्याचा तो माणूस खाली बघत होता. त्यांनाही कुणीतरी माघार घ्यायला लावायला हवं होतं, आणि ते कुणीतरी मी होते. आईला पुढेही याच वाडीत राहायचं आहे, असंही मनात आलं. मी उठले. शिमग्याचा माईक सुरूच होता, तो कुणीतरी माझ्या हातात दिला.

"ते पान मी मनाने लिहिलंय," मी म्हटलं. "पालखी आधी वर आलेली नव्हती. तसं काही घडलेलं नव्हतं. मला वाटलं, लिहायला बरं वाटेल, म्हणून लिहिलं."

टाळ्या पडल्या. मी आजवर जिथे जिथे बोलले त्यातल्या खऱ्या टाळ्या तेवढ्याच. दोन्ही वाड्या वाजवत होत्या. मग काकांनी गावातर्फे म्हणून मला शाल घातली आणि हातात नारळ दिला, आणि एक मुंबईकर म्हणाला की असा मोठेपणा दाखवायला मोठं मन लागतं. फोटोही काढले. नवरा मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढं मला आठवतं.

शाल आणि नारळ घेऊन मी पाखाडी चढले. आईला काय सांगायचं ते वाटेत जुळवलं होतं. गैरसमज झाला होता तो मिटला, उद्या पालखी येते आहे, असं. वर आले तर ती खुर्चीतच बसलेली. देवळाचे कर्णे झाडाला बांधलेले असतात आणि त्यांतला एक आमच्या वाडीकडे तोंड करून असतो, हे मी कसं विसरले मला कळत नाही. लहानपणी त्याच कर्ण्यावर आम्ही घरात बसून शिमग्याच्या खेळातली नमनाची गाणी ऐकायचो.

आई म्हणाली, "आयकला मी."

मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, आई, पालखी येईनाशी झाली होती गं. तुझ्यासाठी बोलले मी. तुला दर्शन व्हावं म्हणून.

"मी मागितली व्हती काय पालखी?" ती म्हणाली. आवाज चढवून नव्हे. मग म्हणाली, "म्हंजे खोटी मी."

मी खूप बोलले. सगळं समजावलं, मानाचं, मुंबईकरांचं, दाखल्याचं. ती सारवलेल्या अंगणाकडे बघत होती. तिला पालखी हवी होती, नक्की हवी होती, मला तिची आशा माहीत आहे. पण ती पहिली ओटी तिला जास्त हवी होती, आणि ती मी माईकवरून सबंध गावासमोर तिच्याकडून काढून घेतली. तिला जे लोकांना कळायला हवं होतं, ते घडलंच नाही असं लोकांना तिच्याच मुलीने सांगितलं. जेवायला वाढलं तेव्हा ती जेवली. मला म्हणाली, तू पण जेव.

दुसऱ्या दिवशी पालखी आधी खालच्या वाडीत टेकली आणि रीतीप्रमाणे सगळ्यात शेवटी वर आली. ढोल जवळ आले, पोरं पालखी खांद्यावर नाचवत अंगणात आली आणि आईने आखून ठेवलेल्या जागी ती बरोबर टेकली. वडील गेल्यापासून आमच्या घरची ओटी माहेरवाशीण म्हणून मी भरते. सुपात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेऊन मी पुढे झाले. गाऱ्हाणं घालायला काका पालखीशेजारी उभे होते.

आई खुर्चीतून उठली. कुणाचा हात न धरता चार पावलं चालत आली आणि तिने माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, पण अडवलं कुणीच नाही. तिने तांदळाची ओंजळ भरली. निम्मे तांदूळ खाली सांडले. खण ठेवला, नारळ ठेवला. मग देवीच्या मुखवट्याशी वाकून, कुजबुजत नव्हे, नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"तू व्हतीस तवा. तुला ठाव हाय."

ढोलवाले थांबलेले होते, त्यामुळे ते अंगणात सगळ्यांना ऐकू आलं. पालखीशेजारच्या काकांनाही. मग त्यांनी घराचं, गुराढोरांचं, पोराबाळांचं, मुंबईला असलेल्यांचं रक्षण कर म्हणून देवीला सांगितलं आणि सगळे व्हय महाराजा म्हणाले. आई म्हणाली नाही. पालखी उचलली, आणि पोरं ती नाचवत शेजारच्या अंगणात घेऊन गेली.

प्रकाशकांचा नंतर फोन आला, दादरहून आणखी मागणी आहे का विचारायला. मी नाही म्हटलं. वाचनाचे कार्यक्रम मी बंद केले. उरलेले खोके पलंगाखाली आहेत. रविवारी मी अजून गावी जाते. आई चांगलं बोलते. कुळीथ निवडता निवडता गॅसचं, शेजारणीच्या मांजरीचं, भावाच्या मुलाच्या परीक्षेचं विचारते आणि सांगते. जुनं काही विचारलं की मात्र माझ्याकडे न बघता म्हणते, "मना आता आठवत नाय."